द्रष्ट्याचा ताप

पाहणाऱ्याने स्वतःला विझविल्यावाचून त्याला यथार्थ दिसत नाही, असे सांगणारी एक प्रबळ परंपरा आपल्याकडे अडीच हजार वर्षे अव्याहत चालत आली आहे. आणि सर्वस्वी विझलेल्याला जे दिसते ते मग दिसते तरी कोणाला, हा तिला विचारला जाणारा प्रश्नही जवळजवळ तितकाच जुना आहे. गयेच्या टेकडीवर, अग्निपूजा सोडून आलेल्या हजार जटाधारी तापसांना बुद्धाने जो उपदेश केला, त्याचा रोख असा होता की डोळा जळतो आहे, डोळ्याला दिसणारे रूप जळते आहे, आणि त्या दोहोंच्या संयोगातून उपजणारी वेदनाही राग, द्वेष व मोह यांच्या अग्नीने जळतेच आहे. हे ओळखून जो त्याविषयी विरक्त होतो तोच मुक्त होतो. सांख्यांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या अंगाने पाहिले. त्यांच्या मते पुरुष मुळातच अकर्ता व उदासीन असून जे काही तापते, मळते आणि निवळते ते बुद्धीचे करण होय, आणि बुद्धी कितीही सात्त्विक झाली तरी ती जड प्रकृतीचीच दुहिता राहते. म्हणजे एका पक्षाला डोळाच विझवावयाचा आहे, आणि दुसऱ्याला डोळ्यामागचा पाहणारा कधी पेटलाच नव्हता एवढे दाखवून द्यावयाचे आहे.

या वादात नवे प्रमाण घालावे असा माझा आव नाही. परंतु दृष्टान्त मात्र एक नवा उपलब्ध झाला आहे, आणि ज्याविषयी लौकिक मनुष्य आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी चालते तोच दृष्टान्त, असे नैयायिकांचे म्हणणे असल्याने त्याची छाननी करण्यास कोणत्याच पक्षाची हरकत असू नये. हा दृष्टान्त अंतराळात फिरणाऱ्या अवरक्त दुर्बिणींचा आणि त्यांना थंड राखण्यासाठी माणसाने केलेल्या खटाटोपाचा होय. आमच्या ऋषींना हे सारे ठाऊकच होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याची माझी इच्छा नाही हेही येथेच नमूद करतो. त्यांना ते ठाऊक नव्हते. म्हणूनच त्यांच्या सिद्धान्तांची परीक्षा या नव्या साक्षीदाराकडून करून घेण्यात काही स्वारस्य आहे.

विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तेथे, पारा सर्वांत वर चढलेला त्याला आढळला. ते अदृश्य किरण म्हणजेच अवरक्त. धुळीच्या मेघांत दडलेले नवजात तारे, ताऱ्यांभोवतालची ग्रह घडविणारी धूळ, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे ज्यांचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याच्याही पलीकडे गेला अशा अतिदूरच्या दीर्घिका, या सर्वांचे वृत्त याच किरणांतून येते. परंतु अडचण अशी की हे किरण केवळ ताऱ्यांकडूनच येत नाहीत. ज्या ज्या वस्तूला काही उष्णता आहे ती प्रत्येक वस्तू ते सोडीत असते. आपल्या खोलीतील भिंत, मेज, हा लेख वाचणाऱ्याचा तळहात, ही सर्व दहा मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीवर अहोरात्र प्रकाशत असतात. तेव्हा सामान्य तपमानाच्या दुर्बिणीतून अवरक्त आकाश पाहणे म्हणजे डोळ्यांपुढे पेटती पेट्रोमॅक्स धरून अंगणातला काजवा शोधणे होय, आणि ही बत्ती म्हणजे दुसरेतिसरे काही नसून दुर्बिणीचा आरसा, तिची नळी व तिचा संवेदक हीच असतात. दूषण दृश्यात नाही, मार्गातही नाही. ते द्रष्ट्याच्या देहात आहे.

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन तापांचे जे वर्णन केले आहे, ते या यंत्राला इतके चपखल लागू पडते की अतिसाधर्म्याची शंका यावी. सूर्याचा ताप तो आधिदैविक, पृथ्वी आणि चंद्र यांच्याकडून येणारा तो आधिभौतिक, आणि यंत्राच्या स्वतःच्या देहातून, त्याच्या विद्युत्‌मंडलांतून व धातूंतून उठणारा तो आध्यात्मिक. अभियंत्यांनी या तिहींचा बंदोबस्त तीन निरनिराळ्या उपायांनी केला. पहिल्याकडे पाठ फिरवावी, दुसऱ्यापासून दूर जावे. तिसऱ्याचे मात्र ना पाठ फिरवून भागते, ना दूर जाऊन.

पाठ फिरविण्याची कला जेम्स वेब दुर्बिणीत पराकोटीला पोहोचली आहे. 25 डिसेंबर 2021 रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरांवर, दुसऱ्या लॅग्रांज बिंदूभोवती फिरते. तेथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र ही तिन्ही सदैव एकाच बाजूला राहतात, त्यामुळे एक पाठ फिरविली की बाहेरचे दोन्ही ताप एकदमच पाठीमागे पडतात. ही पाठ म्हणजे सुमारे 21 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद असे पाचपदरी छत्र; त्याचा उन्हाकडचा पदर 0.05 मिलीमीटर आणि बाकीचे चार त्याच्या निम्म्याच जाडीचे. जाडी वाढवून काही साधले नसते, कारण एकच जाड पडदा स्वतः तापला असता आणि आतील बाजूस तोच ताप सोडीत बसला असता. येथे खरे काम पदर करीत नाहीत, पदरांमधील पोकळी करते. पाचही पदर एकमेकांना न शिवता आणि कडांकडे फाकत जातील असे ताणलेले आहेत. पहिल्यातून पाझरलेली उष्णता पुढे सरकण्याऐवजी मधल्या मोकळ्या जागेत उसळ्या खात बाजूच्या फटीतून अवकाशात निसटते, दुसऱ्यातून उरलेली तिसऱ्याआधी निसटते, आणि परिणामी उन्हाकडील अंगाला सुमारे 85 अंश सेल्सियस असताना सावलीकडील अंगाला उणे 233 असते. घडी घालून नेलेले हे छत्र उलगडून 4 जानेवारी 2022 रोजी पूर्ण ताणले गेले, तोवर या कामातील मंडळींच्या जिवात जीव नव्हता.

तिसऱ्या तापाचा जुना उपाय हेलियमचा. 1983 च्या जानेवारीत अमेरिका, नेदरलंड्स व ब्रिटन यांनी मिळून आयरास नावाचा उपग्रह सोडला. त्याची दुर्बीण थर्मासच्या जातीच्या एका प्रचंड पात्रात बसविली असून त्या पात्रात निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दोन अंश केल्विनवर असलेला द्रव हेलियम भरला होता. या तपमानाला हेलियम अतिप्रवाही होतो. तो बुडबुडे काढून उकळत नाही, आणि उष्णता त्यातून इतक्या वेगाने पसरते की पात्राच्या एका कोपऱ्यात उपजलेला ताप क्षणात सर्वत्र सारखा होतो. परंतु कक्षेत एक विलक्षण पेच पडतो. भारहीन स्थितीत द्रवाला तळ नसतो आणि वाफेला माथा नसतो. वाफ बाहेर सोडावयास झडप उघडावी तर द्रवही तिच्यासह चालू लागावयाचा. यावर योजलेला तोडगा म्हणजे अत्यंत सूक्ष्म छिद्रांचे एक सच्छिद्र बूच. बुचाच्या बाहेरच्या तोंडाशी बाष्पीभवन होऊन ते तोंड आतल्यापेक्षा किंचित थंड राहते, आणि अतिप्रवाही हेलियमची प्रवृत्ती उष्ण बाजूकडे धावण्याची असल्याने द्रव आपणहून आत ओढला जातो व वाफच काय ती बाहेर पडते. ताप वाहून नेणारे निघून जावे आणि शीतलता देणारे मागे राहावे, एवढा नाजूक विवेक करणारी ती चकती हातात घेतली तर कोणाला ती साध्या भाजलेल्या मातीची किंवा धातूच्या भुकटीची टिकली वाटावी.

हेलियमची कुळकथा सांगताना थोडे आडवाटेला जाण्याचा मोह आवरत नाही. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातून दिसले, सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटाचा अभ्यास त्या ग्रहणापासून सुरू झाला, आणि त्याच वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून पुढे हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्यापूर्वीच सूर्यावर ओळखले गेले. त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसलेला इंग्रज लेफ्टनंट जॉन हर्शेल हा अवरक्त किरण शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा सख्खा नातू होता. आणि त्याच जमखंडीत अठरा वर्षांनी गुरुदेव रा. द. रानडे जन्मले, ज्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्काराचा शास्त्रशुद्ध विचार इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे मांडला. यातून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. 2009 साली युरोपीय अंतराळ संस्थेने आजोबांच्या नावाची जी अवरक्त दुर्बीण सोडली ती मात्र 2300 लिटरांहून अधिक हेलियम घेऊनच निघाली, एवढी नोंद करून मूळ विषयाकडे वळतो.

हेलियमच्या उपायातील मेख अशी की तो संचितावर चालतो. पात्र जेवढे भरून दिले तेवढीच जमा. पुढे प्रतिक्षणी खर्च, आणि भरणा करण्याची कोठलीच सोय नाही. आयरासचा साठा 1983 च्याच नोव्हेंबरात संपला आणि आकाशाचा बहुतेक भाग पाहून झालेली ती दुर्बीण आंधळी झाली. हर्शेल दुर्बिणीचा साठा 29 एप्रिल 2013 रोजी आटला. पुण्य सरताच स्वर्गातून खाली उतरावे लागते ही कल्पना गीतेने मांडली, ती इतक्या काटेकोर हिशेबाने अन्यत्र कोठे प्रत्ययास आली असेल असे वाटत नाही. याहून करुण प्रकार 1999 सालच्या वायर या लहानशा उपग्रहाचा. त्याला हेलियमऐवजी गोठविलेला हायड्रोजन दिला होता. एका विद्युत्‌दोषाने दुर्बिणीवरील झाकण वेळेआधीच उडाले, बाहेरचा ताप आत शिरला, हायड्रोजन भराभर उडून गेला, आणि बाहेर पडणाऱ्या त्या वायूच्याच रेट्याने उपग्रह गरगरा फिरू लागला. काही दिवसांत सारे भांडवल संपले. स्मशानवैराग्य म्हणतात ते याहून फार निराळे नसावे: शीतलता खरी होती, पण तिला सांभाळणारी व्यवस्था अंगी मुरण्यापूर्वीच झाकण उडाले.

आता स्पिट्झर दुर्बिणीचा दाखला घ्या, कारण माझ्या मते सबंध प्रकरणात तत्त्वज्ञाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तोच आहे. 2003 च्या ऑगस्टात निघालेल्या या दुर्बिणीने पृथ्वीभोवती फिरण्याचे नाकारून, पृथ्वीच्या मागे राहून सूर्याभोवती फिरणारी व तिच्यापासून सावकाश दूर जाणारी कक्षा पत्करली होती, त्यामुळे अवघ्या 360 लिटर हेलियमवर तिचे साडेपाच वर्षांहून अधिक भागले. 15 मे 2009 रोजी, म्हणजे हर्शेल दुर्बीण आकाशात सोडली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्पिट्झरचा हेलियम संपला. जुन्या हिशेबाने तिची मुदत भरली होती. परंतु सूर्याकडे पाठ आणि पृथ्वीपासून अंतर ही दोन्ही शाबूत असल्याने ती तापून तापून सुमारे 28 केल्विनवर स्थिरावली. दीर्घ तरंगलांबीची कवाडे बंद झाली, पण 3.6 आणि 4.5 मायक्रॉनच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या, कारण त्या खिडक्यांना तेवढी थंडी पुरेशी होती. या दोन खिडक्यांतून तिने पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पाहिले, आणि ट्रॅपिस्ट-1 या लहानशा थंड ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत हे 2017 साली जगापुढे आले ते मुख्यत्वे तिच्या या उत्तरायुष्यातील निरीक्षणामुळे. 30 जानेवारी 2020 रोजी तिला विश्रांती देण्यात आली.

संपूर्ण निर्वाणाखेरीज ज्ञान नाही, म्हणून जो अजून तापलेला आहे त्याचे पाहणे म्हणजे निव्वळ भ्रम, अशी जी एक टोकाची भूमिका संन्यासवादी ग्रंथांतून डोकावते, तिला स्पिट्झरच्या दप्तरात आधार मिळत नाही. दर्शन हे सर्वस्वी किंवा मुळीच नाही अशा दोनच कोटींत विभागलेले नाही. जितकी शीतलता तितकी खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून दिसणारे त्या खिडकीपुरते खरेच. वेदान्त्यांनी अधिकारभेद म्हणून जो विचार मांडला, त्यावर पुढे जातिजन्मांची जी पुटे चढली ती खरवडून काढली तर आत हेच सापडते, असे मला वाटते. साधनचतुष्टयात शम आणि दम यांना स्थान आहे ते दर्शनाचे दार उघडण्याची किल्ली म्हणून. त्या किल्लीचीच पूजा मांडावी असे आचार्यांनी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

जेम्स वेबने संचिताचा मार्गच सोडला, आणि त्यामुळे प्रश्नाला निराळे वळण लागले. तिच्यावरील चारपैकी तीन उपकरणांना छत्राची सावली पुरते. परंतु 5 ते 28 मायक्रॉनपर्यंत पाहणाऱ्या मिरी या चौथ्या उपकरणाचा संवेदक 7 केल्विनच्या खाली न्यावाच लागतो, कारण त्याहून उष्ण असता त्याचे स्वतःचेच अणू हालचालीने खोटे संकेत उठवितात. ते काम एक शीतयंत्र अविरत करते. त्याच्यातील हेलियम बाहेर सोडला जात नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो; त्यास दाबणारा पंप समोरासमोर चालणाऱ्या दोन दट्ट्यांचा केला आहे, जेणेकरून एकाचा धक्का दुसऱ्याने तोलावा आणि दुर्बीण थरथरू नये. 7 एप्रिल 2022 रोजी मिरी 6.4 केल्विनवर पोहोचले. वाटेत 15 केल्विनपासून खालचा टप्पा सर्वांत बिकट मानला होता. शेकडो अंशांचा उतार निर्धोक उतरून आल्यावर अखेरच्या आठनऊ अंशांपाशी यंत्राची शक्ती सर्वांत अपुरी पडते, हे ज्यांनी ज्यांनी मनोनिग्रहाचा प्रयत्न केला असेल त्यांना फोड करून सांगावयास नको.

पण या यंत्राचा पंप बसविला आहे कोठे? उन्हाच्या बाजूला. सौरपट्ट, संगणक, पृथ्वीशी बोलणारा अँटेना आणि हा पंप, हे सारे छत्राच्या तापलेल्या अंगाला राबत असतात, आणि तेथून बारीक नळ्यांतून शीतलता पलीकडच्या अंधारात पोहोचविली जाते. उष्णतेचा नाश कोणी करू शकत नाही; फार तर ती येथून उचलून तेथे नेता येते, आणि नेण्याच्या श्रमाने तिच्यात भरच पडते. मनुस्मृतीने इतर तिन्ही आश्रमांचा भार गृहस्थावर टाकला आहे, हे सांगताना आपले प्रवचनकार गृहस्थाश्रमाची थोरवी गातात आणि पुढे जातात. त्यातून उठणारा अवघड प्रश्न असा आहे की यतीच्या शांतीचा ताप ज्या अंगावर काढून ठेवला, त्या अंगाची मोजदाद मोक्षशास्त्राने कोठे ठेवली आहे काय. माधुकरीची झोळी भरणाऱ्या घरातील चूल धगधगत होती, आणि त्या चुलीपुढे बसणारीला मोक्षाचा अधिकार आहे की नाही यावर शास्त्री वाद घालीत होते. दुर्बिणीच्या आराखड्यात निदान असा अप्रामाणिकपणा नाही. तेथे उन्हाच्या अंगाचा प्रत्येक वॉट हिशेबात धरलेला आहे.

अतिशीतलतेचाही एक दोष आहे. 2023 साली गेलेल्या युक्लिड दुर्बिणीचे आरसे इतके थंड होते की जोडणीच्या वेळी पृथ्वीवरची जी थोडीबहुत आर्द्रता तिच्या आवरणांत शिरून बसली होती, ती हळूहळू सुटून बर्फाच्या अतिसूक्ष्म थराने आरशावर जमली, आणि ताऱ्यांचे तेज मंदावलेले दिसू लागले. 2024 च्या मार्चमध्ये एका आरशाला मुद्दाम ऊब देऊन, उणे 147 अंशांवरून उणे 113 वर आणून, तो थर उडवावा लागला. मिरी थंड होत असतानाही त्याला उबारे लावून सावकाश उतरविले ते याच भयाने. घर सोडून निघालेला आपल्याबरोबर घरची ओल घेऊनच निघतो आणि वाजवीपेक्षा गारठला की तीच ओल डोळ्यावर गोठते. शुष्क वैराग्याविषयी भक्तिपंथीयांची जी तक्रार आहे, तिची याहून नेमकी फिर्याद मला मांडता येणार नाही.

आणि पाठ फिरविण्याचीही किंमत आहे. जेम्स वेबला कोणत्याही एका वेळी आकाशाचा सुमारे चाळीस टक्के भागच पाहता येतो. वर्षभरात सारे आकाश क्रमाने तिच्या दृष्टीत येते, परंतु सूर्य, बुध, शुक्र आणि पृथ्वी ही तिला कधीही पाहता यावयाची नाहीत, कारण त्यांच्याकडे वळणे म्हणजे छत्राआडून बाहेर येऊन स्वतःस भाजून घेणे. जिच्या सौरपट्टांना सूर्य प्रकाश पुरवितो तिला सूर्य अदृश्य, आणि ज्यांनी तिला घडविले त्यांची भूमी अदृश्य. निवृत्तीमार्गाने सर्व काही दिसते असा दावा करणाऱ्यांनी ही दिशा विसरू नये.

तेव्हा प्रारंभीच्या वादात माझा कौल सांख्यांकडे झुकतो, तोही एका दुरुस्तीसह. थंड करावयाचे ते करण, पाहणाऱ्याचा उच्छेद नव्हे. दुर्बीण निरपेक्ष शून्याला कधी पोहोचत नाही आणि पोहोचण्याची तिला गरजही पडत नाही. दुरुस्ती अशी की करणाचा ताप निःशेष जात नाही हे मान्य करून चालावे. पंधरा मायक्रॉनच्या पुढे जेम्स वेबच्या चित्रांत जी पार्श्वभूमीची झाक येते ती प्रामुख्याने तिच्या स्वतःच्याच आरशांची व छत्राची असते. ज्योतिर्विद ती नाकारीत नाहीत, ती स्वतंत्रपणे मोजतात आणि चित्रातून वजा करतात. अहंकार पूर्ण गळाल्याची द्वाही फिरविणाऱ्या महात्म्यापेक्षा स्वतःचा उरलेला ताप अमुक इतका आहे हे सांगू शकणारा साधक मला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि ज्याला तो आकडा सांगता येत नाही त्याच्या दर्शनाची ग्वाही मी घेणार नाही.

जेम्स वेबचे आयुष्य हेलियमवर अवलंबून नाही. तिच्या विस्तीर्ण छत्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचाही एक रेटा असतो, तो तिला सतत किंचित वळवू पाहतो, आणि ते वळण सावरून ठरल्या जागी व ठरल्या दिशेस उभे राहण्यासाठी तिला थोडेथोडे इंधन जाळावे लागते. उड्डाण अचूक झाल्यामुळे ते वीस वर्षांहून अधिक काळ पुरेल असा अंदाज आहे.